काट्याचा नायटा

नानांना काही विकत घ्यायचं असलं की आम्ही त्यांच्याकडे जाणं जरा कमी करतो. घेऊन झालं की पुन्हा जाऊ लागतो. मागे त्यांना भिंतीवरचं घड्याळ घ्यायचं होतं, त्या काळात मधे दिवाळी येऊन गेली, गणपती येऊन गेले, नानांच्या मुलीचं लग्नसुद्धा होऊन गेलं. घड्याळ काही आलं नाही. पण क्वार्ट्झचा स्फटिक सेकंदाला ३२,७६८ वेळा थरथरतो हे आमच्या पोरांना पाढ्यांच्या आधी पाठ झालं.

नाना कंजूष आहेत असा मात्र कोणी समज करून घेऊ नये. मंडळाच्या वर्गणीला त्यांचा हात सगळ्यात सैल. अडचण वेगळीच आहे. वस्तू घेतली की निवड संपते, आणि निवड संपली की संध्याकाळी जेवणानंतर करायचं काय, हा नानांपुढचा खरा प्रश्न आहे. टीव्ही ते बघत नाहीत. तोही निवडायचा राहिलाय.

नाना मूळचे कोथरूडचे, आता राहतात अमेरिकेत, इंडियाना राज्यातल्या कोलंबसला. ओहायोतलं मोठं कोलंबस ते वेगळं. हे नाना प्रत्येकाला बजावून सांगतात, कारण त्यांचे एक मेहुणे एकदा तिकडचं तिकीट काढून बसले होते. आमचं कोलंबस जेमतेम पन्नास हजार वस्तीचं. इथे क्लेसी कमिन्स नावाचा एक माणूस गावातल्या बँकरची मोटार चालवायचा आणि बिघडली की दुरुस्तही करायचा. १९१९ साली त्याने त्याच बँकरच्या पैशावर इंजिनांचा कारखाना काढला. १९६२ मध्ये त्या कारखान्याने पुण्यात किर्लोस्करांशी सोयरीक केली, कोथरूडला कारखाना उभा राहिला, आणि तेव्हापासून कोथरूडची माणसं कोलंबसला नांदायला येऊ लागली. बाकी जगाला हे गाव माहीत आहे ते इमारतींसाठी. एलिएल सारिनेनने बांधलेलं १९४२ सालचं चर्च, आय. एम. पेईने बांधलेली लायब्ररी, तिच्यापुढे हेन्री मूरची ती अवाढव्य कमान; आर्किटेक्चरची पोरं कुठून कुठून बघायला येतात. नानाही पुण्याहून आलेल्या पाहुण्यांना हे सगळं दाखवतात, पण चालत्या गाडीतून. "हे चर्च. ही लायब्ररी." गाडी थांबते ती थेट गावाबाहेर वेल्सबरोला, एका कारखान्याच्या कुंपणापाशी. तिथे नाना खाली उतरतात, पाहुण्यांनाही उतरवतात आणि सांगतात, "आपल्या ट्रकचं इंजिन इथलं." पाहुणे जाळीतून आत बघतात. आत पार्किंग असतं.

कोथरूडला नाना टेस्ट सेलमध्ये होते. त्यांचा स्वभाव तिथेच घडला असं वहिनींचं म्हणणं. नानांच्या आईंचं म्हणणं होतं की स्वभाव आधीपासूनच होता, नोकरी जुळून आली. इंजिन डायनामोमीटरला जोडून काचेपलीकडे बोंबलत ठेवायचं आणि काचेअलीकडे शांतपणे काटे बघायचे. वंगणाचा दाब, पाण्याचं तापमान, धुराचं तापमान, इंधनाचा दाब. ठरल्या वेळाला आकडे तक्त्यात उतरवायचे, खाली सही. नानांच्या हिशेबी इंजिन म्हणजे हे काटे. पलीकडचा तो लोखंडी गोळा निमित्तमात्र. ज्याला मीटर नाही ते चालू आहे यावर त्यांचा आजही पुरता विश्वास नसतो. त्यांच्या फ्रीजमध्ये वरच्या आणि खालच्या कप्प्यात वेगवेगळे थर्मामीटर आहेत. रक्तदाब ते दोन्ही दंडांवर घेतात आणि सरासरी काढतात. डॉक्टरांनी एकदा "बरं वाटतंय ना?" असं विचारलं तेव्हा नाना म्हणाले, "ते तुम्ही सांगायचं."

अशा माणसाच्या हाती ट्रक आला.

ट्रक म्हणजे अमेरिकन अर्थाने, पुढे केबिन आणि मागे उघडा हौदा. पुण्याच्या बहिणीला फोनवर "ट्रक घेतला" असं सांगितलं तेव्हा तिने काळजीने विचारलं होतं, "धंदा कसला काढतोयस?" धंदा कसलाच नव्हता. १९९९ सालचा डॉज रॅम, तीन हातांतून फिरून आलेला, आत कमिन्सचं ५.९ लिटरचं सहा सिलिंडरी, चोवीस व्हॉल्व्हचं इंजिन. मागे पाच हजार किलोची ट्रॉली लावली तरी सहज ओढेल. ओढतो काय? वर्षातून एकदा मंडळाचा गणपती, त्याचं मखर, साबुदाणा खिचडीची पातेली आणि घड्या घालायच्या खुर्च्या. एकदा कोणाचा तरी सोफा. बाकी वेळ तो नानांच्या गॅरेजबाहेर उभा असतो, आणि नाना त्याच्याकडे बघत चहा पितात. रिटायर झाल्यावर माणसाला इंजिन जवळ लागतं, एवढंच त्यांनी या खरेदीचं कारण दिलं. ते मला पटलंही. काही लोक कुत्रा पाळतात.

आता मुख्य रोगाकडे येतो.

या सालच्या इंजिनात बॉशचा व्हीपी फोर्टीफोर नावाचा इंजेक्शन पंप आहे. १९९८ च्या मध्यापासून २००२ पर्यंतच्या गाड्यांत तो होता, मग गेला. अमेरिकेत ज्यांच्याकडे ही गाडी आहे ते लोक या पंपाविषयी अगदी हळू आवाजात बोलतात. नानांनी मला सगळी गोष्ट पोह्यांच्या बशीत समजावून सांगितली. बशीच्या एका कडेला शेंगदाणा: ही टाकी. मग मिरचीचा तुकडा: हा लिफ्ट पंप, विजेवर चालतो, टाकीतलं डिझेल पुढे ढकलतो. मग कढीपत्त्याचं पान: फिल्टर. आणि लिंबाची फोड: व्हीपी फोर्टीफोर. "आता बघ," नाना म्हणाले, "या लिंबाला वंगण वेगळं नाही. जे डिझेल त्याच्यातून जातं तेच त्याचं वंगण, आणि तेच त्याला थंड ठेवतं. लागेल तेवढं इंजिनाला, बाकीचं उष्णता घेऊन परत टाकीत. ही मिरची थकली की लिंबाला पुरेसं डिझेल नाही. मग ते तापतं, आतून झिजतं आणि जातं. नवीन घ्यायला हजार डॉलरच्या पुढे."

"मिरची थकली हे कळतं कसं?"

नानांनी चमचा खाली ठेवला. इतका वेळ ते याच प्रश्नाची वाट बघत होते. "कळतच नाही! तीच तर गंमत आहे. लिफ्ट पंप अर्धमेला झाला तरी गाडी चालते. इंजिन तोंडातून शब्द काढत नाही. डॅशबोर्डवर बघ: वंगणाचा दाब आहे, पाण्याचं तापमान आहे, बॅटरीचे व्होल्ट आहेत, टाकीत किती आहे ते आहे. इंधनाचा दाब? नाही." हे "नाही" त्यांनी अशा सुरात म्हटलं, जणू लग्नपत्रिकेत नवरदेवाचंच नाव छापायचं राहिलंय. "इंजिन चालू असताना दहाच्या वर हवा. पूर्ण दाबलं तरी पाच पीएसआयच्या खाली जाता कामा नये. गेला की संपलं."

हेच वाक्य त्यांनी बहिणीलाही फोनवर ऐकवलं होतं. ती बराच वेळ गप्प राहिली आणि मग म्हणाली, "पण पीएसआय गेला तर जाऊ दे ना. तिकडे पोलिसांच्या नादाला कशाला लागतोस?"

वहिनींचा मुद्दा मला जास्त नेमका वाटला. चौदा पीएसआय म्हणजे आपल्याकडचा साधारण एक किलो दाब, आणि पुण्याहून आणलेल्या त्यांच्या कुकरचा दाबही एक किलोच. "एवढ्याच दाबावर मी पस्तीस वर्षं वरणभात लावतेय," वहिनी म्हणाल्या. "कुकरला कुठे काटा आहे? शिट्टी आहे."

नाना म्हणाले, "शिट्टी जास्त झाल्यावर होते. मला कमी झालेलं कळायला हवं."

"मग कमी झाल्यावर होणारी शिट्टी लावा."

तशी सोय असते, म्हणजे दिव्याची असते. पाच पीएसआयच्या खाली गेलं की डॅशवर लाल दिवा लागतो. एक स्विच, दोन वायरी, काम अर्ध्या तासाचं. पण नानांना दिवा मान्य नाही. दिवा लागतो तेव्हा व्हायचं ते होऊन गेलेलं असतं, हे त्यांचं एक कारण. दुसरं कारण ते उघड सांगत नाहीत, पण मला ठाऊक आहे. अमेरिकन मेकॅनिक अशा दिव्याला 'इडियट लाइट' म्हणतात.

म्हणजे काटाच हवा. कोणता? इथून पुढे नानांचं आयुष्य उजळून निघालं.

काटा दोन जातींचा. पहिली जात मेकॅनिकल. इंजिनापासून बारीक नळी थेट डायलच्या मागे येते. डायलच्या पोटात एक चपटी, वळवलेली पितळी नळी असते, दाब आला की ती सरळ व्हायला बघते आणि काटा फिरतो. युजीन बूर्दोन नावाच्या फ्रेंच माणसाने १८४९ साली याचं पेटंट घेतलं आणि अजून कोणाला त्यात फारशी सुधारणा सुचलेली नाही. बूर्दोनविषयी बोलताना नानांचा आवाज भजनी होतो. वीज नको, वायर नको, बिघडायला काही नाही. पण खोट अशी की नळीतून डिझेल केबिनमध्ये येतं. उद्या नळी सुटली तर डिझेल थेट मांडीवर. वहिनींनी यावर एकच वाक्य टाकलं, "त्या वासात मी बसणार नाही." झालं, वाटाघाटी संपल्या.

संपल्या असं आपल्याला वाटतं. नानांनी आयसोलेटर शोधून काढला. हा पितळेचा एक लहानसा डबा, मधे पडदा. पडद्याच्या इंजिनाकडच्या बाजूला डिझेल, डायलकडच्या बाजूला अँटीफ्रीज. दाब पडद्यातून पोचतो, डिझेल पोचत नाही. नानांना तो इतका आवडला की काही आठवडे ते आयसोलेटर घ्यायचा आणि मग त्याला साजेसा काटा बघायचा अशा विचारात होते. मग त्यांच्या वाचनात आलं की अँटीफ्रीजच्या नळीत हवेचा बुडबुडा राहिला तर काटा चुकीचा आकडा दाखवतो. बुडबुडा राहिला नाही हे कशावरून ओळखायचं? त्याला मीटर नाही. आयसोलेटर बाद.

दुसरी जात विजेची. इंजिनावर सेंडर बसवायचा, तो दाबाचा निरोप वायरीवरून पाठवतो, केबिनमध्ये डिझेलचा थेंब नाही. वहिनी खूश. पण इंजेक्शन पंपाचे ठोके उलटे नळीतून येतात आणि सेंडरला रात्रंदिवस बुक्के मारतात; बिचारा काही काळाने मरतो आणि मरताना खोटं बोलतो. म्हणून त्याच्या आधी स्नबर लावायचा, म्हणजे आत सुईएवढं भोक असलेला एक तुकडा, नाहीतर नीडल व्हॉल्व्ह लावून तो केसभर उघडा ठेवायचा. शिवाय सेंडर इंजिनावर थेट न बसवता लवचीक नळीने बाजूला न्यायचा, नाहीतर हादऱ्यांनी खिळखिळा होतो. नानांनी याचं चित्र काढलं. चित्र इतकं चांगलं झालं की आता ते फ्रीजवर आहे, खालच्या थर्मामीटरच्या बरोबर बाहेर.

मग आकड्यांची पट्टी. शंभरपर्यंतचा घ्यावा, तीसपर्यंतचा की पंधरापर्यंतचा? आपण म्हणू, कोणताही घ्या. नानांनी मुलीच्या जुन्या कंपासपेटीतून कोनमापक काढला. शंभरचा काटा पाव वर्तुळातच फिरत असेल तर एका पीएसआयला एक अंशसुद्धा मिळत नाही. नऊ आणि आठ यांतला फरक चष्म्यालाही दिसायचा नाही. पंधराचा काटा पाऊण वर्तुळ फिरणारा असेल तर एका पीएसआयला अठरा अंश. "अठरा अंश!" नाना म्हणाले. "डोळे मिटून दिसेल." पण उद्या जोरदार लिफ्ट पंप बसवला आणि दाब सोळा-सतरावर गेला तर पंधराचा काटा शेवटच्या खुंटीला टेकून बसणार. म्हणून तीसचा. एका पीएसआयला नऊ अंश. हा निर्णय झाला त्या रात्री त्यांनी मला फोन केला, आणि माझ्या बायकोने फोन ठेवल्यावर विचारलं, "कोण, मुलगी झाली का कोणाला?"

काट्याच्या उजेडाचा रंग, डायल काळा की पांढरा, कडेची रिंग चकचकीत की साधी, हे सगळं मी सोडून देतो. नानांनी सोडलं नाही.

पण जागेचं सांगायला हवं. अशा डायलसाठी पुढच्या काचेच्या डाव्या खांबावर प्लास्टिकची खोबण मिळते. बावन्न मिलिमीटरचं भोक. पण चांगल्या मिळतात त्या तीन भोकांच्या. एक भोक इंधनाच्या दाबाला, मग बाकीची दोन? रिकामी ठेवली तर गाडीचे दात पडल्यासारखे दिसतात. म्हणून टर्बोच्या हवेचा दाब दाखवणारा एक काटा आणि धुराचं तापमान दाखवणारा एक काटा ओघाने आलेच. म्हणजे निवड आता तिप्पट झाली, आणि नाना मला त्या आठवड्यात दहा वर्षांनी तरुण दिसले.

याच सुमारास शेजारच्या म्हातारबाचा प्रवेश होतो. हा खरा शेतकरी. मका आणि सोयाबीन. त्याच्याकडे १९९५ सालचा त्याच जातीचा ट्रक आहे, पण बारा व्हॉल्व्हचा. त्याचा लिफ्ट पंप विजेवर नाही, इंजिनाच्या कॅमशाफ्टवरच चालतो, त्यामुळे नानांचा रोग त्याला होत नाही. पत्र्याला गंज, दाराला दोरी, मागे सदैव काहीतरी लादलेलं. नानांनी त्याला विचारलं, "तुझ्यात कोणता गेज आहे?" म्हातारबा म्हणाला, "नाही. चालायचा थांबला की मला कळतं." नाना त्याच्याकडे करुणेने बघत राहिले. मग म्हातारबाने जी गोष्ट केली ती अमेरिकेत फक्त शेतकरी करतात: गोठ्यात गेला, एक तेलकट टेस्ट गेज आणि लांब रबरी नळी घेऊन आला, फिल्टरपाशी टेस्टिंगसाठी असलेल्या तोटीला ती नळी जोडली, बॉनेटच्या मागच्या फटीतून बाहेर काढली, आणि डायल काचेवर बाहेरच्या बाजूने, वायपरखाली, चिकटपट्टीने डकवून टाकला. केबिनमध्ये डिझेल नाही, वीज नाही, भोक नाही. सगळं मिळून नाना चहा घेऊन येईपर्यंत.

दुसऱ्या दिवशी चाचणी. गाव सोडून पश्चिमेला ४६ नंबरच्या रस्त्याने गेलं की सपाट इंडियाना संपतो आणि ब्राऊन काउंटीचे चढ लागतात. नाना स्टिअरिंगवर, मी बाजूला, मांडीवर तक्ता. तक्ता नानांनीच आखला होता: वेळ, वेग, दाब, शेरा, सही.

"वाच."

"चौदा."

"चौदा म्हणजे?"

"चौदा म्हणजे चौदा, नाना."

"काटा चौदाच्या रेघेवर आहे की रेघेच्या अलीकडे?"

काटा तर थरथरत होता. रेघेच्या अलीकडे, पलीकडे, वर, सगळीकडे होता. मी "साधारण चौदा" असं लिहिलं. नानांनी एका हाताने पेन घेऊन "साधारण" खोडलं. चढ लागला. नानांनी पाय दाबला, इंजिन खर्जातून वर चढलं, मागे काळा धूर निघाला आणि काचेवरचा काटा उतरायला लागला. बारा. साडेअकरा. दहा. आमच्या पुढे एक म्हातारी बाई छोट्या गाडीतून पानगळीचे रंग बघत चालली होती. नानांनी तिला ओलांडलं तेव्हा तिने घाबरून कडेला घेतलं. नऊ. मी ओरडत होतो आणि नाना मान डोलावत होते, पण रस्त्याकडे बघून की आकड्यांकडे ते सांगता येत नाही. साडेआठ. चढाच्या माथ्यावर काटा साडेआठला थांबला. नानांनी गाडी कडेला घेतली, तक्ता हातात घेतला, सगळे आकडे पुन्हा वाचले आणि म्हणाले, "तरी मला वाटतच होतं."

हे वाक्य आनंदाचं की काळजीचं हे मला अजून ठरवता आलेलं नाही. दोन्हीचं असावं. साडेआठ म्हणजे मेला नाही, पण थकलाय. घरी आल्यावर वहिनींना सांगितलं तर त्या म्हणाल्या, "मी महिन्यापूर्वीच सांगितलं होतं. किल्ली फिरवली की तो पंप खाली गुणगुणतो ना, त्याचा आवाज बसलाय."

"कानाला कॅलिब्रेशन नसतं," नाना म्हणाले.

म्हातारबाही कुंपणावरून बोलला. गेज दाब दाखवतो, देत नाही. दाब लिफ्ट पंप देतो, तर तोच बदलून टाक की. आमच्यासारख्या माणसाला यात दोष काढता येत नाही. नानांना येतो. आधी मोजायचं, मग बदलायचं. नाहीतर बदलल्यावर काय बदललं हे कसं कळणार? आणि खरं सांगायचं तर यात नाना बरोबर आहेत. दाब फिल्टर तुंबल्यानेही पडतो, थंडीत डिझेल घट्ट झाल्यानेही पडतो, नळीचा जोड हवा ओढत असला तरी पडतो. नुसता पंप बदलून पाच जणांनी पैसे घातले असतील तर त्यांतले काही फिल्टर बदलून सुटले असते. नानांनी फिल्टर बदलला. काटा एका पीएसआयने वर आला. हे त्यांनी मला रात्री साडेअकराला कळवलं.

म्हातारबाचा गेज मात्र काचेवरच राहिला. पहिल्या पावसात चिकटपट्टी सुटली, ती नानांनी नवीन लावली. बर्फ पडलं तेव्हा काटा हातमोज्याने पुसून बघितला. परत द्यायला गेले तर म्हातारबा म्हणाला, "राहू दे." आता याचा अर्थ काय होतो? नानांना काटा हवा होता, काटा आहे, फुकट आहे, बरोबर आकडा दाखवतोय. वहिनींनी हे सगळं एकापाठोपाठ एक बोटांवर मोजून सांगितलं. नानांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, "पण हा निवडलेला नाही ना."

शेवटी विजेचा, तीसचा, पाऊण वर्तुळाचा, काळ्या डायलचा काटा घरी आला. आला तो दोघा भावंडांसह, कारण खोबण तीन भोकांची. खोका नानांनी कात्रीने न फाडता सुरीने कडेकडेने उघडला, आत बघितलं आणि पुन्हा बंद केला. सेंडर नेमका कुठे जोडायचा हे अजून ठरत होतं: फिल्टरपाशी सोपं, पण फिल्टरनंतरच्या नळीत काही अडलं तर कळणार नाही, व्हीपी फोर्टीफोरच्या तोंडाशी अचूक, पण तिथला बँजो बोल्ट भोक पाडलेला मिळतो तो घ्यायचा की आहे त्यालाच भोक पाडायचं?

खंडेनवमीला नानांकडे हत्यारांची पूजा असते. कोथरूडच्या शॉपफ्लोअरवरची सवय. गॅरेजमध्ये पाटावर लाल कापड, त्यावर पान्यांचा सेट उतरत्या क्रमाने, व्हर्निअर, फीलर गेज, मल्टिमीटर, वहिनींची स्वयंपाकघरातली मोठी सुरी. ट्रकला झेंडूचा हार. इथे झेंडू म्हातारबाच्या शेतावरून येतो आणि तो दरवर्षी विचारतो की गाडीचा वाढदिवस आहे का. वायपरखालच्या त्याच्या गेजलाही एक फूल खोचलं होतं. पाटाच्या मधोमध तो खोका. वहिनींनी पान्यांना हळदकुंकू लावलं, व्हर्निअरला लावलं, ट्रकच्या बॉनेटला लावलं आणि बोट कुंकवात बुडवून खोक्याकडे वळल्या.

"अगं, त्याला नको लावूस," नाना घाईने म्हणाले. "परत द्यायचा झाला तर घेणार नाहीत."